श्रॉपशायरमधली पायवाट

आप्पा, तुमची नात इंग्लंडात राहते, पण लंडनला नाही. इथे कतारला, दोह्यात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लंडनपासून किती लांब?" श्रॉपशायर म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि विषय बदलतात. वेल्सच्या सीमेला लागून आहे तो भाग. बुटक्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या, आणि झुडपांच्या उंच कुंपणांमधून जाणारे रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं मागे सरायचं. फिरायला येणारे लोक इथे थांबतच नाहीत, सरळ पुढे वेल्सला जातात. तिथल्या छोट्याशा हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट आहे. आता तिला कायमची नोकरी देतायत आणि सोमवारी तिला उत्तर द्यायचंय. "मम्मा, यू टेल मी," परवा म्हणाली. मी काय कपाळ सांगणार? 

उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाऊन आले. एका सकाळी चालायला निघालो, तर कुंपणात एक लाकडी पायरी, आणि पलीकडे जवाच्या उभ्या पिकातून सरळ गेलेली पायवाट. ही पायरीवर चढलीसुद्धा! माझे पाय जागीच. परक्याच्या पिकातून जायचं? "रिलॅक्स मम्मा, इट्स अ पब्लिक फूटपाथ." मालकाला अडवता येत नाही म्हणे, कायदाच आहे तसा. आणि मला तुम्ही दिसायला लागलात. मोजणीदार तुम्ही, साखळी घेऊन गावोगावचे बांध मोजत फिरायचात. मी चौथीत आहे, ओट्याखाली बसून पाढे म्हणतेय, आणि तुम्ही दारात उभे, कपाळावर हळद दाबलेली, सदऱ्यावर रक्त. शेतातल्या वाटेवरून दोन सख्खे भाऊ भांडले होते आणि दगड लागला तुम्हाला. आई रडतेय, तुम्ही चहा मागताय. चहा पिता पिता मलाच दम भरलात, "परक्याच्या रानातून जायचं तर आधी हाक द्यायची. माणूस दिसल्याशिवाय आत शिरायचं नाही."

मग काय, दिली हाक. "ओ, कोण आहे का घरात?" चांगली खणखणीत, मराठीत! पोरगी लाजेनं अर्धी झाली. पलीकडच्या घरातून एक म्हातारी बाई पळत आली, पायात रबरी बूट, हातात मलमपट्टीची पेटी. तिला वाटलं, कुणाचा तरी पाय मोडला. पोरीनं सांगितलं की आई फक्त परवानगी मागतेय. बाई बघतच राहिली, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. घरात नेऊन चहा पाजला. तेवढ्यात तिचा नवरा काठी टेकत आला आणि पोरीकडे बोट दाखवून मला म्हणाला, "हिनं मला चालतं केलं." किती कौतुकानं बोलत होती दोघं! मला आनंद व्हायला हवा होता, आप्पा. मी नुसता चहा ढवळत बसले. हिला इथे माणसं मिळाली होती, आता ही परत येत नाही, हे मला तिथेच कळलं.

तेव्हापासून डोक्यात नुसता भुंगा. थंडीत तिथे चार वाजताच काळोख पडतो. टेकडीवर मोबाईलला रेंज नाही. एकटी कुठे घसरून पडली तर? तुमचे जावई म्हणतात, "जगू दे गं तिला. इन्शाल्ला, सगळं नीट होईल." यांचं बरं आहे! पुढच्या वर्षी यांची नोकरी संपली की इथला मुक्काम खलास, यल्ला, सामान बांधा. दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या या घरात पोरगी लहानाची मोठी झाली, पण ती इथली कधीच नव्हती. आम्हीच तिला सांगत आलो, शेवटी आपल्याला नाशिकलाच जायचंय. तिथे फ्लॅट घेऊन ठेवलाय. त्यात तिची खोली आहे, पडदेसुद्धा तिनंच निवडलेले.

आज दुपारी जेवणं झाल्यावर तिला फोन केला आणि एका दमात बोलून टाकलं, "घे ती नोकरी."  मग, एरवी सगळी उत्तरं इंग्रजीत देणारी ही पोर मराठीत म्हणाली, "आणि तुम्ही दोघं? तुम्ही कुठे राहणार?"

"नाशिकला, आणखी कुठे!" म्हटलं मी. हसलेसुद्धा.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि यांना दाखवायची माझी हिंमत नाही, म्हणून इथेच सांगते. तिच्याशिवाय त्या फ्लॅटचं कुलूप उघडायची मला भीती वाटते, आप्पा.