लिव्हरनं गेले

प्रिय अण्णा,

काल गंगापूरहून पाहुण्यांचा फोन आला. रविवारी मला बघायला येतायत. मुलाच्या मामांनी विचारलं, "वडील कशानं गेले?" आई म्हणाली, "लिव्हरनं." तिकडून "अच्छा, अच्छा" आलं आणि विषय संपला. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. तेव्हापासून मी धुमसतेय, म्हणून लिहितेय.

तुम्ही दारूच्या थेंबाला कधी शिवला नाहीत. पण पंगतीत दोन घास खाल्ले की तुमचा चेहरा मानेपर्यंत लालबुंद व्हायचा. बजाजनगरच्या गल्लीत, कंपनीत लोक हसायचे, "काय, सकाळीच का?" आई तर दारातच तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा नाही, तरी तिची खात्री पटायची नाही. शेवटी तुम्ही लग्नांना जाणंच सोडलंत.

आणि ते जुलाब? वर्षानुवर्षं शिफ्टमधून पळत होतात. डॉक्टरांना मात्र "पोट बिघडलंय" एवढंच सांगायचात, ते अ‍ॅसिडिटीची गोळी द्यायचे. लाल चेहऱ्याचं लाजेनं कधी बोललाच नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांच्या कानावर गेल्या असत्या तर, अण्णा?

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी वेगळा स्कॅन करून सांगितलं. लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. दुर्मिळ, सावकाश वाढणारी गाठ. तिच्यातून रक्तात काही द्रव्यं सुटतात, त्यानंच चेहरा लाल होतो, जुलाब होतात. आता लिव्हरमध्ये पसरलीय. आम्ही गारच पडलो. तुम्ही विचारलंत, "मंग हे दारूनं नाय ना झालं, मॅडम?"

"नाही हो."

तुम्ही आईकडं वळलात. "ऐकलं का?" तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आई रडत होती.

महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. चेहरा लाल होणं थांबलं, काही दिवस बरे गेले. तेव्हा तरी सगळ्यांना सांगायचं होतं ना! तर तुम्हीच आईला बजावलंत, "गाठीचं कुठं बोलू नको. पोरीचं जमायचंय अजून. बाप पेत होता म्हणून कुणी पोरगी सोडत नाय. असला रोग म्हटलं की पोरीलाबी होईल म्हणून उठून जातील."

मला एकदा विचारायचं तरी! माझ्या लग्नासाठी तुम्ही बेवडे म्हणून गेलात. मी कुठल्या तोंडानं बोहल्यावर उभी राहू?

आई अजून म्हणते, "त्यांचा शब्द हाय, गप बस." नाही बसणार. रविवारी पाहुण्यांनी माझं नाव विचारायच्या आत मी तुमच्या आजाराचं नाव सांगणार. तुम्ही कधीच प्यायला नाहीत, हेही सांगणार. ते उठून निघाले तर दार मीच उघडून देईन.

तुमचीच,
मनीषा