सहाव्या पेटीपुरतं ऊन

प्रिय ताई,

हे पत्र वॉर्डात उभ्या उभ्या वाचू नकोस. आधी बस. उद्या अकरा वाजता तुझ्या वॉर्डातल्या बाळांच्या सहाही काचेच्या पेट्या मी गच्चीवर बसवलेल्या सौर पॅनेलवर दिवसापुरत्या घेणार आहेत. त्यातली एक थंड पडणार. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला ऊब नसली तर काय होतं, ते मी तुला काय कपाळ सांगणार!

गणितातली शाब्दिक उदाहरणं तूच मला शिकवलीस, टपल्या मारून. काय दिलंय ते आधी नीट वाच म्हणायचीस. इथे सगळं दिलेलं होतं गं. पेटीला तीनशे वॅट, म्हणजे सहांना अठराशे. भर उन्हात चौरस मीटरला हजार वॅट मिळतात, पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या सेलची कार्यक्षमता वीस टक्के, म्हणजे हातात दोनशे. अठराशे भागिले दोनशे, नऊ चौरस मीटर. चुटकीसरशी सुटलं! मी टेप लावून नऊ चौरस मीटर पॅनेल बसवले. पण वीस टक्के नुसत्या सेलचे, आणि मी मूर्खाने मोजली चौकट, शिवाय सेलांमधल्या पांढऱ्या फटीसुद्धा.

शनिवारी चाचणीत काटा पंधराशेच्या पुढे सरकेना. आधी धुळीला शिव्या घातल्या, पॅनेल पुसले, मीटर बदलला. मग उन्हात गुडघ्यांवर बसून एकेक सेल मोजला. साडेसात चौरस मीटर भरले. तसाच जाऊन आमच्या कंपनीच्या मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, उरलेलं बॅटरी ओढेल, उगाच बभ्रा करू नकोस. बॅटरी चार तास ओढेल, पुढे काय? हे मी मनातच विचारलं आणि मान डोलावली.

फोनवर बोललो असतो तर तू मला सांभाळून घेतलं असतंस, नेहमीसारखं. म्हणून हे लेखी. काम पुरेसं असल्याच्या कागदावर माझी सही आहे, आणि ती मी सेल मोजल्यानंतर केली आहे. माझा कामाचा परवाना जाईल म्हणून घाबरलो, ताई. उद्या तो कागद वॉर्डप्रमुख म्हणून तुझ्यापुढे येईल. खाली भावाचं नाव बघून तू डोळे झाकून सही करशील. करू नकोस. कुणी कारण विचारलं, तर हे पत्र दाखव.

तुझाच,
धाकटा