बाल्कनीतल्या नळाची लाल पाटी

राजकुमार,

तुझा फोन लागत नाहीये. आपल्या ओवीला उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय. पहाटेपासून उलट्या-जुलाब, आता सलाईन चालू आहे. आई तिच्याजवळ बसल्यात, मी फक्त कपडे न्यायला घरी आले.

माठ मी ओतून पालथा घातलाय. आईंनी दोन दिवस तो बाल्कनीतल्या नळाखाली भरला. सगळ्या बिल्डिंगचं अंघोळीचं पाणी साफ होऊन फरशी पुसायला परत येतं, तोच नळ. किचनचा नळ सकाळी तासभर येतो, हा चोवीस तास. गंगापुरात जन्मभर हंड्यानं पाणी वाहिलेली बाई चालू नळ सोडेल का?

त्या नळाला 'पिण्याचं नाही' अशी लाल पाटी बांधलेली होती. तू डिझाइन केलेल्या ग्रीन बिल्डिंगचे फोटो काढायला माणसं आली, तेव्हा वाईट दिसते म्हणून तू ती सोडलीस. मलाही परत लावायचं सुचलं नाही. ड्रॉवरमध्ये आहे. आधी ती बांध, मग निघ.

आई सारख्या विचारतायत, "माझ्यामुळंच झालं का गं, सुलेखा?" त्यांना काय ते तूच येऊन सांग.