कामरगाववरून जाणारा गोल रस्ता

२८ एप्रिल १९७४, रविवार
ठरलं. पुढच्या सोमवारी बुद्धपौर्णिमा. शनिवारची रजा टाकली की सलग सुट्टी. पाठीवर बॅग टाकून पायी टूर. आमच्या खरेदी-विक्री संघात ऑडिटला आलेले साहेब सांगत होते, पुण्याकडे शिकलेले लोक असे हिंडतात. नियम असा की निघालो तिथेच परत यायचं, पण एकदा तुडवलेला रस्ता पुन्हा तुडवायचा नाही. सर्क्युलर रूट म्हणतात. कारंजात असं करणारा मीच पहिला.
बायको पंचफुला शिमग्याच्या आधी माहेरी गेली ती अजून तिकडेच. त्याचा याच्याशी संबंध नाही.

३० एप्रिल, मंगळवार
कागदावर तीन रूट काढले. पहिला निसर्गासाठी. दुसरा सावलीसाठी. तिसरा ऐतिहासिक (इतिहास अजून शोधायचा आहे). संघातल्या मदनसिंगला दाखवले. तो म्हणाला, तिन्ही रूट कामरगाववरूनच जातात. मी नीट पाहिलं. खरंच जातात. मी म्हटलं, तिथल्या विहिरीचं पाणी चांगलं आहे. तो म्हणाला, बायकोच्या गावचं पाणी चांगलंच लागते, पण सरळ यष्टीनं जा ना, गोल फिरून कायले? मदनसिंगला टूरमधलं काही कळत नाही.

२ मे, गुरुवार
बाजारातून मिलिटरीची जुनी हॅवरसॅक घेतली. ज्वारी भरून सरावाला निघालो. सराव जैन मंदिरापर्यंत उत्तम झाला. येताना टांगा केला, कारण पहिल्याच दिवशी शरीराला फार ताणू नये.
आई सकाळपासून एकच बोलते. सून माहेरी गेली की आपल्या पायानं परत येत नाही, कोणीतरी न्यायला जावं लागतं, ही रीत आहे. मलाही माहीत आहे. पण जाताना मी तिला म्हटलं होतं, खुशाल जा, मी काही न्यायला येणार नाही. पुरुषाने शब्द पाळावा. टूरमध्ये वाटेत गाव लागलं तर ते न्यायला जाणं होत नाही. शब्दही राहतो आणि गावही लागतं. तिने म्हणावं, चला, मीही येते. मी म्हणेन, बरं.
माठावरून आमची नेहमी भांडणं. तिला तो खिडकीत हवा, मला मोरीजवळ. आता मोरीजवळच आहे. पाणी गार होत नाही.

४ मे, शनिवार
पहाटे निघायचं होतं. दुपारी निघालो. सामान: धोतर, टॉर्च, गूळ-शेंगदाणे, आयोडीन आणि एक नवं लुगडं, हिरवं. गारठा पडला तर पांघरायला. आई म्हणाली, मे महिन्यात गारठा? मी म्हटलं, टूरवर सगळी तयारी लागते. लुगड्याची घडी मात्र तिनेच नीट घालून दिली.
संध्याकाळ. पहिल्याच गावाच्या पारावर मुक्काम. दोन्ही टाचांना फोड. उत्साह कायम.

५ मे, रविवार
यष्टी स्वतःच थांबली. कंडक्टरने हात केला. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. बसमधून रस्त्याची पाहणी चांगली होते.
दुपारी कामरगाव. सासरे जानराव ओट्यावर होते. जय भीम झालं. त्यांनी पाय पाहिले, सासूला गरम पाणी ठेवायला सांगितलं. पाणी पंचफुलाने आणलं. वाळली आहे. माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं. मी रूट समजावून सांगितला.
यांचं घर आवरलेलं नसतं. तिची ट्रंक दारातच, वर बांधलेली वळकटी. येता-जाता पायाला लागते.

६ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा
सकाळी विहारात वंदना झाली, मग अंगणात खीर. पाहुणेरावळे, शेजारी, सगळे बसलेले. पंचफुला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, डोक्यावर पदर, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली,
"न्यायले आले काय तुमी मले?"
असा प्रश्न बाईमाणूस चारचौघांत विचारत नाही. मी गोंधळलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "नाही, टूरवर आहे. सर्क्युलर रूट. कामरगाव वाटेत लागलं."
कोणी हसलं नाही. जानरावांनी खिरीची वाटी खाली ठेवली. पंचफुलाने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंग ऊन चढाच्या आंधी निघा."
ट्रंक तिने एकटीने उचलून आत नेली. जड होती. मी हात लावायला उठलो, तर राहू द्या म्हणाली. निघताना माझी पाण्याची बाटली भरून दिली, भाकरी फडक्यात बांधून दिली. हॅवरसॅकमधून लुगडं काढायला काही निमित्त सापडलं नाही.
एकंदरीत प्रसंग मी शांतपणे निभावला. गावाबाहेर बाभळीखाली बराच वेळ बसलो होतो. परत जावं असं वाटलं, पण तो रस्ता तुडवून झाला होता. पुढे यष्टीने घरी. टूर यशस्वी.

१९ मे, रविवार
टूरबद्दल संघात कोणी विचारत नाही. दिवाळीत दुसरा रूट काढावा. त्यातही कामरगाव ठेवता येईल. तोवर तिचा राग उतरेल. आई माझ्याशी बोलत नाही. लुगडं पेटीत तळाशी ठेवलं, वर जुनी धोतरं घातली.

२ जून, रविवार
आता येईलच ती. न येऊन काय करेल?

९ जून, रविवार
कोणताही रूट काढला नाही. सकाळच्या पहिल्या यष्टीने सरळ कामरगाव. वाटेत एकच वाक्य घोकत होतो. लाज वाटत होती, तरी बरं वाटत होतं.
जानराव ओट्यावर एकटे होते. पंचफुला परवा अकोल्याला गेली, नर्सच्या शिक्षणाला. त्याचा फॉर्म हिवाळ्यातच भरला होता. पौर्णिमेपर्यंत वाट पाहते, ते आले तर जाईन त्यांच्यासंग, असं तिनं घरात सांगून ठेवलं होतं. म्हणून ट्रंक भरलेली होती.
मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले,
"पोरीनं तुमाले साऱ्याइच्या समोर इचारलं, जवाईबापू. आणखी कसं इचाराव तिनं?"
मी खाली मान घातली. मग घोकलेलं वाक्य तोंडातून निघालंच.
"मी तिले न्यायले आलो."
जानरावांनी अकोल्याच्या रस्त्याकडे पाहिलं. मग आत हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला.