बारा तास आधी संपलेली मेणबत्ती

सोमवार, ९ डिसेंबर

गणित सोडते म्हणे! माझी लेक! माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी. शाळेत मला मॅडम म्हणते, घरी आई, आणि आज जेवताना दोन्ही न म्हणता सरळ – "सुट्टीनंतर मी वरच्या गणिताला बसणार नाहीये." चाचणीत शंभरात एक्केचाळीस पडले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. घाबरलीय पोर. कॅल्क्युलसने भल्याभल्यांना घाम फोडलाय. सुट्टी संपेपर्यंत शाळेला कळवायचंय. तोवर भीती घालवली की झालं.

बुधवार, ११ डिसेंबर

वर्गासाठी नाताळच्या सणाचा सराव-कागद करायला घेतला. गणितांना जरा नटवायचं! खांबाला टांगलेली दिव्यांची माळ – वर्गसमीकरण. फुगा फुगतोय – त्रिज्या किती वेगाने वाढते? तीस सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा, कोपरे कापून भेटवस्तूसाठी सर्वांत मोठा खोका करा. शेवटी जळणारी मेणबत्ती. वर्गासाठी म्हणतेय, पण करतेय एकीसाठीच.

नवरा खांद्यावरून डोकावला. "सणाला फुगा फोडायचा सोडून त्याची त्रिज्या कोण मोजतं गं?" दिवसभर गिऱ्हाइकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेणाऱ्या चष्मेवाल्याने बोलू नये!

शनिवार, १४ डिसेंबर

शोभा झाली. मेणबत्तीच्या गणितात वजाच्या जागी अधिक! चोवीस सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला दोन सेंटिमीटर वाढतेय. आमचा 'वकील' (प्रत्येक मार्कासाठी भांडतो म्हणून) उभा राहिला – "मॅडम, किती तासांनी संपेल विचारलंय, उत्तर उणे बारा येतंय. म्हणजे पेटवायच्या बारा तास आधीच संपली ना?" सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले, कान मात्र तापले होते.

लेक हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

रविवार, १५ डिसेंबर

कागद तिच्या दप्तरातच. घडीसुद्धा मोडलेली नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

शेवटी मीच विषय काढला. फुग्यापासून सुरुवात कर म्हटलं, सोपा आहे. "नको ना, आई." मी म्हटलं, निदान सूत्र तरी सांग. ती उठून आत गेली, दार लावलं.

नवरा भांडी पुसत होता. न बघता म्हणाला, "तू तिच्याशी बोलतेस की तोंडी परीक्षा घेतेस?" मी भडकले. आमचं बोलणं असंच आहे, पहिल्यापासून! जिने चढताना पाढे, बसमध्ये कोडी, ताप आला तरी उशाशी बसून मूळ संख्या. किती गोड हसायची तेव्हा. त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं. त्याचं ते वाक्य मात्र मला रात्रभर लागून राहिलं.

शनिवार, २१ डिसेंबर

आज स्वतःहून कागद घेऊन आली! मी शेंगा निवडत होते. समोर बसली आणि तासाभरात सगळा कागद संपवला. माळ बरोबर. फुगा बरोबर. पुठ्ठ्याला पाच आणि पंधरा अशी दोन उत्तरं आली, तर पंधरावर काट मारून म्हणाली, "एवढं कापलं तर पुठ्ठाच उरत नाही." अशा ठिकाणी माझी निम्मी पोरं फसतात!

मेणबत्तीतला अधिक तिने न विचारताच वजा केला.

"तुला माहीत होतं?"

"कागद हातात आला तेव्हाच दिसलं. सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?"

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, अगं मग घाबरतेस कशाला? येतंय की सगळं!

"घाबरत नाहीये मी. मला आवडत नाही."

"आणि ते एक्केचाळीस?"

"कंटाळा आला म्हणून अर्धा पेपर सोडवलाच नाही. आई, येतं म्हणून आवडायलाच हवं का?"

शेंगा तशाच राहिल्या. जेवायला उशीर झाला.

रविवार, २२ डिसेंबर

सकाळी चहाला दोघीच होतो. म्हटलं, सोड गणित, शाळेला मी सांगते. तिने गळ्यात हात टाकले. मग समोर हनुवटी टेकवून बसली – "आता बोल ना माझ्याशी काहीतरी!"

चहा निवला. मला सुरुवातच करता येईना.