पूजेला बसलेली प्रयोगशाळा

ती. गोदाआत्या,

यशूचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही गुडघ्यांना तेल आणि डोळ्यांत औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालत असशील (यात अदलाबदल होत नाही ना, हे निकिताने पाहावे). चि. निकितास आशीर्वाद आणि एक विनंती. पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखव, फक्त कंसातला मजकूर तेवढा मनात वाच. आजीची तब्येत नाजूक आहे आणि कान मात्र अजून शाबूत आहेत.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर 'शाळा' हा शब्द निघाला की तू "घे गं" म्हणून फोन निकिताच्या हातात देतेस आणि आतल्या खोलीत जाऊन बसतेस. डोळे अधू झाल्यापासून तुझं हे असंच चाललंय. पत्राचं बरं असतं, ते आधीच निकिताच्या हातात असतं.

तर आमची शाळा. वणी रस्त्यावर, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मध्ये आमचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यालय. संस्थेचे अध्यक्ष खंडेराव स्वतः बागाईतदार. आपल्या भागातल्या पोरांनी दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं जन्मभर नुसती चालवत बसू नये, हे त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी शाळा काढली. मुख्याध्यापिका म्हणून नेमली कोणाला, तर मराठीत एम.ए. झालेल्या मला. मी त्यांना म्हटलंही की भिंग कोणत्या बाजूने धरायचं हेसुद्धा मला आधी आठवावं लागतं. ते म्हणाले की शास्त्रवाले लोक वर्षभरात क्लासमध्ये निघून जातात, तुम्हाला कोण नेणार. हा माझ्या नोकरीतला सगळ्यात प्रामाणिक मुलाखतकार. (त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. आमचे विज्ञानाचे मयुरेश सर गणपतीनंतर शहरातल्या एका क्लासला गेले. आजीला सांगू नकोस.)

शाळेचा आराखडा करायला बसलो तेव्हा आर्किटेक्टने काचेची प्रयोगशाळा काढून आणली. मी नुसती मान हलवत होते, पण डोळ्यांसमोर तुझ्या नांदगावच्या शाळेतली तुझी विज्ञानाची खोली होती. एक लाकडी कपाट, त्याचं एक दार कायम दोरीने बांधलेलं, आणि स्पिरिटच्या दिव्याचा तो वास, जो तुझ्या पदरालाही यायचा. तुझ्या घरी सुट्टीला यायचे तेव्हा मला तो तुझाच वास वाटायचा. घरी फळीवर लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेतच तू बेडकाची बरणी ठेवायचीस आणि काकांनी एकदा जेवताना तिच्यात चमचा घालायला घेतला होता. त्यानंतर काकांनी लोणचं सोडलं, तू बेडूक सोडला नाहीस. आत्या, किती सुखाचे दिवस होते गं ते. तेव्हा कळलं नाही, कारण इतर मुली मामाच्या गावाला आंबे खात होत्या आणि मी तुझ्या अंगणात लंबकाचे झोके मोजत बसले होते.

म्हणून मी आराखड्यात एकच हट्ट धरला. दुपारची सुट्टी संपली की पुस्तकं बंद आणि पोरांनी हाताने काहीतरी करायचं. उघडायचं, जोडायचं, बिघडवायचं. खंडेराव हो म्हणाले. आता गणपती झाल्यापासून पालक कुरकुर करतात की दुपारी पोरं खेळतात, त्यापेक्षा प्रवेशपरीक्षांचे क्लास घ्या. खंडेरावांनी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलंय. पुण्याचे एक बडे उद्योजक आम्हाला आणखी यंत्रं देणगी देणार होते. ते पाहायला आले आणि खूश झाले म्हणजे पालकही गप्प बसतील, असा आमचा हिशोब होता.

आता दसऱ्याचं ऐक. पालक नाराज, म्हणून मी एक शक्कल लढवली. म्हटलं, दसऱ्याला गावात ट्रॅक्टरची, फवारणीच्या पंपाची, वजनकाट्याची पूजा होते, मग शाळेतल्या यंत्रांची का नको? पालकांना बोलवू, म्हणजे शाळा आपली वाटेल. आमच्या सगुणामावशी शाळेची झाडलोट पाहतात, पण देवाधर्माच्या बाबतीत त्या संस्थेच्या अध्यक्षांच्याही वर आहेत. त्यांनी पहाटेपासून मांडामांड केली. प्रयोगशाळेतली एकूण एक वस्तू सभागृहात आली. दुर्बिणीला झेंडूचा हार, ड्रोनच्या चारही पंखांना गंधाची बोटं, थ्रीडी प्रिंटरच्या पोटात अक्षता, आणि सूक्ष्मदर्शकाला तर थेट डोळा लावायच्या काचेवर हळदीकुंकू. पालकांनी आपापले पंप आणि पाने-पकडी आणून रांगेत ठेवले. गुरुजींनी पूजा सांगितली. मी नऊवारी नेसले होते. सगळं इतकं छान झालं की मला भरून आलं.

आणि नेमके तेव्हा पुण्याचे पाहुणे दारात. यायचे होते पुढच्या आठवड्यात, पण सपत्नीक गडावर देवीच्या दर्शनाला निघाले होते, वाटेतच शाळा, म्हटलं पाहून जाऊ. खंडेराव हसतमुखाने म्हणाले, "मॅडम, साहेबांना मशिनी चालू करून दावा." मी प्रिंटरकडे हात नेला तर सगुणामावशी आडव्या. "पूजेला बसेल वस्तू हे मॅडम. संध्याकाळी उत्तरपूजा व्हईस्तोवर हात नाय लावायचा. तुम्हीच बोलावलं ना गुरुजींना?"

मी पालकांकडे पाहिलं. सगळ्यांनी सगुणामावशींच्या बाजूने माना डोलावल्या. खंडेरावांकडे पाहिलं, ते छताकडे पाहत होते. त्यांचा स्वतःचा नवा ट्रॅक्टर घरी हार घालून उभा होता, ते कोणत्या तोंडाने बोलणार. मी विज्ञानशाळेची मुख्याध्यापिका, मी म्हणायला हवं होतं की हे काही नसतं, लावा बटण. पण माझाही हात पुढे होईना. तर आत्या, जिल्ह्यातली एवढी सुसज्ज विज्ञानशाळा आणि पाहुण्यांना दाखवायला चालू स्थितीत एकही वस्तू नाही, फक्त पेढे.

त्या क्षणी मला तू आठवलीस. दसऱ्याला बाकीची पोरं सोनं लुटायला सीमेवर पळायची आणि तू मला अंगणात काठी रोवून बसवायचीस. "आज अवजारांना सुट्टी, सूर्याला नाही," म्हणायचीस. मी रडायचे. काठीच्या सावलीचं टोक जिथे पडेल तिथे रांगोळीचा ठिपका, थोड्या वेळाने परत ठिपका. मी पाहुण्यांना सरळ मैदानात नेलं, पोरांना बोलावलं, झेंड्यासाठी आणलेली काठी मातीत रोवली, मैदानं आखायच्या फक्कीची पिशवी आणली आणि म्हटलं, साहेब, आज आमच्याकडे यंत्राविना विज्ञान असतं. (निकिता, ही ओळ मी तिथल्या तिथे रचली.)

पहिला ठिपका पडला आणि ढग आला. आत्या, असा ढग मी जन्मात पाहिला नव्हता. लग्नात नवरानवरीसमोर ठाण मांडणाऱ्या फोटोग्राफरसारखा तो हलेचना. पाहुणे खुर्चीत, त्यांच्या पत्नी घड्याळाकडे बघतायत, पोरं काठीकडे आणि खंडेराव माझ्याकडे. मी वेळ भरून काढायला सावलीवरच्या चार कविता म्हटल्या, शेवटी एम.ए. तिथेच कामाला आलं. मग एकदाचं ऊन पडलं, ठिपके पडू लागले आणि पोरांच्या लक्षात आलं की ते जवळजवळ एका सरळ रेघेत चाललेत. त्यांनी दोरी ताणली. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, तिला काटकोन काढला की उत्तर. ती उत्तरेची रेघ नेमकी शेजारच्या खंडेरावांच्या बागेकडे गेली. बागेच्या ओळी पक्क्या दक्षिणोत्तर धरल्यात, असं ते येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतात. त्या चांगल्या हातभर तिरक्या निघाल्या. खंडेराव स्वतः गुडघ्यावर बसले, दोरी दोनदा ताणून पाहिली आणि धोतराला फक्की लागली तरी उठेनात. पाहुणे गडावर जायचं विसरले.

पाहुण्यांनी जाताना पोरांची पाठ थोपटली आणि म्हणाले की आयुष्यात दुसरी कुठली शाळा इतकी आवडली नाही. तुम्हाला यंत्रांची काही गरजच नाही, ही पोरं काठीवर शिकतात, तेव्हा ही देणगी मी ज्यांच्याकडे काहीच नाही अशा शाळेला देतो. आणि दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार. संध्याकाळी उत्तरपूजा झाली. प्रिंटरच्या पोटातल्या अक्षता मी अजून चिमट्याने काढते आहे.

असो. एवढीच हकीकत तुला सांगावी म्हणून हे पत्र. हसलीस ना? तू हसलीस तर मला पोहोचलं. काळजी घे, औषधं चुकवू नकोस.

तुझी,
यशू

ता.क. १ : आमच्या सातवीतल्या सायलीने विचारलं की सावलीचं टोक रोजच असं सरळ जातं का, आणि जात नसेल तर दसऱ्याच्या आसपासच का. मी उद्या सांगते म्हटलं. तेव्हापासून मी तिला चुकवते आहे, ती मला दारात गाठते. उत्तर निकिताकरवी कळव. बाकी तुझ्याकडून काहीही नको.

ता.क. २ : 'काहीही नको' हे खरं नाही. पाहुणे गेल्यावर खंडेरावांनी ती दोरी स्वतः गुंडाळली. मग म्हणाले, "मशिनी जाऊ द्या. हे काडीचं ज्यांनी तुमाला शिकवलं त्यांना आना. त्या आल्या तर दुपारचे तास ऱ्हातील, नाय तर दिवाळीनंतर क्लास." मी त्यांना सांगितलं की ती येणार नाही, तिला आता दिसत नाही. त्यांनी विचारलं, "बोलता येतं ना?"

ता.क. ३ : आत्या, तू म्हणशील, फळ्यावरचं दिसत नाही, पोरांचे चेहरे दिसत नाहीत, मी येऊन काय दिवे लावणार. पण तू आम्हाला कधी काही दाखवलं नाहीस की सांगितलं नाहीस. तू नुसतं विचारायचीस, "काय दिसतंय?" आम्ही अर्धवट काहीतरी सांगायचो, कारण आम्हाला माहीत असायचं की तुला सगळं दिसतंय. माझ्या पोरांचंही तेच होतं. शिक्षकाला उत्तर ठाऊक असतं, म्हणून ती नीट बघतच नाहीत. तुझ्यासमोर मात्र त्यांना सगळं नीट सांगावं लागेल. रंग, लांबी, कुठे हललं, कुठे थांबलं, सगळं. त्यांनी सांगितलं नाही तर तुला खरंच कळणार नाही. असा शिक्षक मी आणखी कुठून आणू? रविवारी सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येते आहे. तयार राहा.