नियम सात आणि नियम बारा यांच्यात अडकलेला फोटो

मृत्युपत्र लिहून ठेवणार : गिरधर सुपडू वाघुळदे, वय ७१, निवृत्त (वरणगावची आयुध निर्माणी, तपासणी विभाग), राहणार पिंप्राळा, जळगाव. शिवाय खानदेश छायाचित्र मंडळ, जळगाव-धुळे, या संस्थेचा एकतीस वर्षं बिनविरोध सचिव. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी हे काम घ्यायला तयार नव्हतं, असा अर्थ काही सभासद लावतात. त्यांनी तो खुशाल लावावा.

कारणे लिहून ठेवतो ते असे की, माझं डोकं ठिकाणावर आहे, हृदय नाही. डिसेंबरात नाशिकला त्याची बायपास ठरली आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही कारण नाही. निकालाआधी परीक्षकही ‘सगळीच चित्रं उत्तम आहेत’ असं म्हणतात, हे मी दर वर्षी ऐकत आलो आहे. तरी कोणाच्या दबावाखाली न येता, नशापाणी न करता, स्वतःच्या हस्ताक्षरात हे लिहितो. मसुदा ॲड. मोहिनी चौधरी यांनी तपासला आहे. त्यांनी जे शेरे अनावश्यक म्हणून खोडले होते, ते मी परत लिहिले आहेत, कारण मृत्युपत्र माझं आहे.

१. पिंप्राळ्याचं राहतं घर माझ्या पश्चात पत्नी लिलाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा सुयश आणि मुलगी मृणाली यांना निम्मं-निम्मं. घर विकून आईने पुण्याला यावं असं सुयशचं मत आहे. ते त्याने आईला एकदाच सांगावं, पुन्हा पुन्हा सांगू नये. तिला पहिल्यांदाच समजतं, ती फक्त उत्तर देत नाही.

२. बँकेत जे आहे त्याला वारस लावलेले आहेत. तो विषय इथे वाढवत नाही.

३. माझ्या मृत्यूनंतर चौकात माझा फ्लेक्स लावू नये. मंडळाच्या पोरांना राहवलंच नाही, तर बारा बाय अठरा इंचांपेक्षा मोठा नसावा, आणि त्यावर दुःख व्यक्त करणाऱ्यांचे फोटो मयतापेक्षा मोठे नसावेत. स्टुडिओवाल्याकडून माझ्या मानेखाली कोट-टाय जोडून घेऊ नये. जन्मात मी कोट घातला नाही. आहे तो सदरा राहू द्यावा. त्याचं वरचं बटण तुटलेलं दिसलं तरी चालेल.

४. सभासद ललित याला माझं होकायंत्र द्यावं. गेल्या वर्षी त्याने भडगावच्या गिरणेच्या पुलावर जो पौर्णिमेचा चंद्र दाखवला, तो उत्तरेकडून उगवला होता. मी प्रवेशिका बाद केली तेव्हा तो म्हणाला, चंद्र कम्प्युटरने टाकला, त्यात माझी काय चूक? ‘प्रतिमेत बाहेरून काही घालू नये’ हा नियम चारमधला मजकूर त्याने त्या होकायंत्राच्या झाकणावर चिकटवावा. पोरगा गुणी आहे, फक्त दिशा चुकते.

५. प्रेमराजला काही नाही. उद्घाटनाला पुढारी आणायचे, ते दोन तास उशिरा येणार, सत्कारातच संध्याकाळ होणार, आणि पाहुणा चित्रांकडे पाठ करून फोटो काढून घेणार, ही प्रथा त्याने आणली. शाली मात्र चांगल्या आणतो, हे इथे नमूद करतो.

६. मंडळाच्या ज्या वस्तू माझ्या घरी आहेत त्या अशा : परीक्षणाची घंटा, गोल शिक्का, लाकडी स्टँड अकरा, आणि नियमावलीची मूळ प्रत. हे सगळं माझ्या पश्चात पितांबर कौतिक देसले, राहणार धुळे, मूळ गाव शिंदखेडा, याच्या ताब्यात द्यावं. मृत्युपत्राचा व्यवस्थापकही त्यालाच नेमतो. घरचे लोक चकित होतील, म्हणून कारण लिहितो.

पितांबर आणि मी सोळा वर्षं धड बोललेलो नाही. त्याचा धुळ्याला स्टुडिओ आहे, मंडळाची सर्वाधिक सुवर्णपदकं त्याच्याकडे आहेत, आणि हे तो कधी विसरू देत नाही. २००९ साली प्रदर्शन धुळ्याला होतं. त्याने एक प्रवेशिका दिली, तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि नावाचं बंद पाकीट फोडल्यावर छायाचित्रकार म्हणून नाव निघालं त्याच्या बापाचं. कौतिक देसले यांना तोवर वारून दोन वर्षं झाली होती. पदक घ्यायला पितांबर बापाचा फोटो काखेत घेऊन स्टेजवर आला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मी मात्र पुढच्याच सर्वसाधारण सभेत नियम बारा करून घेतला : ‘उद्घाटनाच्या दिवशी स्पर्धक हयात असावा.’ कोणी विचारलं तर मी सांगत असे की उद्या लोक आजोबांचे, पणजोबांचे फोटो घेऊन येतील, जिवंत माणसांना जागा उरणार नाही. हे कारण तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

त्या सभेत पितांबर उठून एवढंच बोलला : “आबा, नियम तं बठ्ठा तुम्हीच करतस. पन जिंदगीमा तुम्ही एक तरी फोटू काढेल शे का?”

सभा हसली. मी इतिवृत्तात ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ असं लिहिलं.

अशा माणसाला व्यवस्थापक का नेमलं, तर माझ्या कामात चूक काढायला त्याच्याइतका उत्साही माणूस दोन्ही जिल्ह्यांत मिळणार नाही.

७. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे एक फोटो आहे.

वरणगावच्या क्वार्टरची गच्ची, उन्हाळा, साल २००३. लिलाबाई खाटेवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घालत होती. अचानक ढगाची सावली आली आणि तिने हातातली कावळे हाकायची काठी तशीच धरून वर पाहिलं. ऊन जाणार म्हणून वैतागली होती, आणि त्याच वेळी तिला स्वतःच्या वैतागाचं हसू आलं होतं. मी फिल्मचा शेवटचा फोटो तिच्यावर घालवला. नियम नियमाच्या जागी, पण मी हजारो प्रवेशिका पाहिल्या आहेत आणि चांगलं चित्र कशाला म्हणतात ते मला कळतं. हे चांगलं चित्र आहे. बावीस वर्षं ते कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात पडून आहे.

ते भिंतीवर लागलं नाही याचं कारण नियम सात : ‘पदाधिकाऱ्यास स्पर्धेत भाग घेता येणार नाही.’ माझ्याआधीचे सचिव स्वतःलाच बक्षीस देत, म्हणून मी पहिल्याच वर्षी हा नियम केला. पद सोडलं असतं तर प्रवेशिका देता आली असती, हे मला सुचलं नाही असं नाही. पण पद सोडलं की ते पितांबरकडे जाणार, हेही सुचत होतं.

आता मी गेलो की पद आपोआप रिकामं होतं. सबब माझी अशी इच्छा आहे की माझ्या मृत्यूनंतर हा फोटो येत्या जानेवारीच्या धुळ्याच्या प्रदर्शनात माझ्या नावाने दाखल करावा. बक्षीस मिळालं पाहिजे असं नाही. लागला पाहिजे. मला फोटो काढता येत होता की नाही, हे लोकांनी एकदा बघावं. या मृत्युपत्रात मला स्वतःसाठी मागायचं ते एवढंच आहे.

८. वरची सात कलमं शनिवारी लिहून झाली. रविवारी व्यवस्थापक म्हणून वाचायला देण्यासाठी पितांबरला बोलावलं. तो धुळ्याहून मोटरसायकलने आला. ओसरीवर बसून त्याने चष्मा लावला आणि सगळं वाचलं, बापाचं कलमही वाचलं. सातव्या कलमाला थांबला, परत वाचलं, आणि लिलाबाईला म्हणाला, “अक्का, आखो एक कप चहा टाका.” मग मला म्हणाला, “हाई काई जमनार नही, आबा. नियम बारा शे ना.”

मी नियमावली आणली. नियम बारा होता. जिवंत आहे तोवर मी सचिव, म्हणून नियम सात आडवा येतो. मेलो की हयात नाही, म्हणून नियम बारा आडवा येतो. तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दिसू नये याचं मला वाईट वाटलं. दोन्ही नियमांची भाषा मात्र निर्दोष आहे. कुठेही फट नाही.

पितांबर हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. सभा बोलावून नियम बारा काढून टाकू, ठराव मीच मांडतो, असं म्हणाला. मी म्हटलं, एका माणसासाठी नियम बदलता येत नाही.

तो म्हणाला, “करेल व्हता तो बी एकच मानूससाठे ना?”

यावर मी चहा घेतला. चहा निवला होता.

९. लिलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिची या सगळ्यात एक वेगळीच अडचण आहे, ती इथे लिहिणं भाग आहे. नियम नऊप्रमाणे चित्रातल्या माणसाची लेखी संमती लागते. ती मी तिच्याकडे तीन वेळा मागितली आहे आणि तिने दर वेळी एकच उत्तर दिलं : “मेलेल्या मानसायले भितीवर टांगता. मी तं जिती हाये.” आमच्या घरात भिंतीवर फक्त माझे आईवडील आहेत, हार घातलेले, त्यामुळे तिच्या म्हणण्यात काही गैर आहे असं मला म्हणता आलं नाही.

मी तिला म्हटलं, तू सही दिलीस तर पुढचं पितांबर बघेल, मी असेन-नसेन.

तेव्हा ती बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. पितांबर समोर होता, त्यामुळे बदलता येत नाही. ती म्हणाली, “एकतीस वर्सं पाह्यते मी. तुमाले मराले जमते, पन खुर्ची सोडाले जमत नाही.”

मग पदराने हात पुसून म्हणाली, “सही देते मी. पन फोटो लागला तं त्याच्यापाशी तुमी उभे पाहिजे. तुमच्या माघारी कोनी लावला तं मी सोता धुळ्याले जाऊन उतरवीन.”

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. माझ्या ऑपरेशनबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. नाशिकच्या पिशवीत काय काय भरायचं तेवढं विचारायची. त्या वेळी तिचा आवाज फाटला आणि मला कळलं की ही बाई रात्रंदिवस घाबरलेली आहे. मी फोटो कोण लावेल याची व्यवस्था करत बसलो होतो.

मी नियमावली मिटली.

१०. मी याच मृत्युपत्रात सचिवपदाचा राजीनामा लिहिला. मोहिनीताईंना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, काका, मृत्युपत्रातला राजीनामा मेल्यानंतरच लागू होतो. दुसऱ्या कागदावर लिहा. तो दुसरा कागद लिहायला मला दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा एवढा वेळ लागला. मजकूर एका ओळीचाच होता.

उपाध्यक्ष यादव सोनवणे शेजारच्याच गल्लीत राहतात. त्यांनी येऊन राजीनामा स्वीकारला, आणि घटनेप्रमाणे पुढच्या सभेपर्यंत पितांबरला प्रभारी सचिव नेमलं. घंटा, शिक्का, स्टँड आणि नियमावली मी त्याला तिथेच मोजून दिली. सबब कलम सहामधला वस्तूंचा मजकूर रद्द. त्याच्या वाट्याला या मृत्युपत्रात आता काही उरलेलं नाही, म्हणून साक्षीदार म्हणून तो चालतो, असं वकिलांचं मत पडलं.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. पद घेतलं की नियम सात पितांबरला लागू. या वर्षीची त्याची प्रवेशिका तयार आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा. तो फोटो मी पाहिला आहे, त्याला सुवर्णपदक मिळालं असतं. मी त्याला तसं म्हटलं. तो स्टँड दोरीने मोटरसायकलला बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “राहू द्या, आबा. घोडा काई पळी जानार नही.”

त्याच्या बापाने काढलेला तो फोटो चांगला होता, हे मी त्याला सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी सांगायला हरकत नव्हती, परीक्षकांचंही तेच मत होतं.

११. कलम सात रद्द. प्रवेशिका मी स्वतः भरली आहे, सोबत लिलाबाईची संमती जोडली आहे, आणि प्रभारी सचिवांनी प्रवेशिकेवर शिक्का मारून पोच दिली आहे. उद्घाटन १८ जानेवारी २०२६ रोजी धुळ्याला आहे. नियम बाराप्रमाणे त्या दिवशी स्पर्धकाला हयात राहणं बंधनकारक आहे. नियम मीच केलेला आहे, त्यातून मी सवलत मागणार नाही. हे नाशिकच्या डॉक्टरांनाही कळवावं.

बाकीचं मृत्युपत्र कायम. ते घाईने वापरात आणण्याची गरज पडू नये अशी इच्छा आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं असून दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण : पिंप्राळा, जळगाव
तारीख : २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) गिरधर सुपडू वाघुळदे
स्पर्धक

साक्षीदार :
(सही) पितांबर कौतिक देसले, प्रभारी सचिव
(सही) यादव सोनवणे, उपाध्यक्ष